गुरुवारची सुई

आप्पांना शनिवारी दुपारी दवाखान्यातून घरी आणलं आणि रविवारी सगळे कोडोलीला जमले. जमायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. लेक क्रांतीनं घरच्या ग्रुपवर 'उद्या येते' एवढंच टाकलं होतं. आकारामकाका कुठल्याच ग्रुपवर नाहीत, पण म्हणून त्यांना काही कळायचं राहिलंय असं आजवर झालेलं नाही. ते सकाळीच एक किलो मटण घेऊन हजर झाले, कारण रविवार होता आणि थोरला भाऊ जिवंत परत आला होता. त्या थोरल्या भावाला मटण चालणार नव्हतं, ही गोष्ट त्यांनी फारशी मनावर घेतली नाही.

जेवणं झाली. आक्काताई भांडी घासायला बसल्या तेव्हा शिवानी म्हणाली, राहू द्या आई, मी घासते. आक्काताई म्हणाल्या, तू बस. गुरुवारपासून सासू-सुनेत झालेलं सगळ्यात लांबलचक बोलणं ते हेच.

आप्पा आतल्या खोलीत कॉटवर पडून होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं इंजिनं उघडली-मिटली, पण स्वतःच्या साखरेकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही, आणि महिन्यापूर्वी तिनं त्यांच्या डाव्या पायाचं एक बोट नेलं. पूर्वी असा पेशंट तीन-तीन आठवडे वॉर्डात पडून असायचा. आता सहाव्या दिवशी घरी पाठवतात. ड्रेसिंग घरी, इन्सुलिन घरी, साखर घरीच मोजायची आणि आकडा मोबाईलवरून कळवायचा. घरी सोडताना डॉक्टर हसून म्हणाले होते, तुमच्या घरात दोन-दोन नर्स, तुम्हाला आमची गरजच काय? ऐकून सगळ्यांना बरं वाटलं होतं. आक्काताईंना तर जरा जास्तच.

आप्पांच्या बायकोनं, आक्काताईंनी, छत्तीस वर्षं नर्सबाई म्हणून काढली. आधी चंदगडच्या डोंगरात, मग पन्हाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर. शिवानी त्यांची सून. लग्नाला तीन वर्षं झाली, तीही नर्स. पण तिच्या उपकेंद्राच्या दारावर 'समुदाय आरोग्य अधिकारी' अशी पाटी आहे, बसायला फिरती खुर्ची आहे आणि टॅब आहे. ती रक्तदाबाच्या गोळ्या स्वतः देते. अडलं तर टॅबवर डॉक्टरला बोलावते आणि पेशंटला पडद्यासमोर बसवते. एवढं करूनही लोक दारात येऊन विचारतात, डॉक्टर कधी येणार?

तर या दोन नर्सांच्या दोन पद्धती. आक्काताईंनी क्षयाच्या पेशंटांना आयुष्यभर एकच शिस्त लावली होती: घरात कॅलेंडर टांगायचं, गोळी पोटात गेली की त्या दिवसाच्या चौकटीत लाल पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. ठिपका नाही म्हणजे गोळी नाही. आप्पांच्या कॉटशेजारीही तसंच कॅलेंडर लागलं आणि एका चौकटीत दोन ठिपके पडू लागले, वरचा सकाळच्या सुईचा, खालचा संध्याकाळच्या. शिवानी सुई दिली की ग्रुपवर टाकायची. आक्काताई ग्रुप बघत नसत. त्यांच्या मोबाईलचा आवाजसुद्धा बंद असायचा. म्हणून शिवानी मोबाईलवर लिहून वर ठिपकाही द्यायची. उपकेंद्रावर टॅबमध्ये भरलेलं सगळं पुन्हा रजिस्टरला उतरवायचं असतं, तसंच घरी.

गुरुवारी आप्पांना सकाळचं वीस युनिट इन्सुलिन मिळालं, असं ग्रुपवर होतं. साडेअकराला ते घामानं थबथबले आणि बायकोला डेपो मॅनेजर समजून रजा मागू लागले. साखर एक्केचाळीस. आक्काताईंनी हिरड्यांना साखर चोळली, गाडी बोलावली, दवाखान्यात दोन दिवस सलाईन झालं आणि माणूस वाचला. तिथल्या डॉक्टरांनी व्हरांड्यात मुलाला, बुद्धभूषणला, विचारलं, सकाळी किती दिलं होतं? त्यानं मोबाईल पुढं केला. ते म्हणाले, एवढ्यानं इतकं व्हायला नको, घाईत भरताना जास्त भरलं गेलं असेल. घाईत म्हणजे कुणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही आणि घरच्यांनाही विचारायची गरज वाटली नाही.

येत्या बुधवारी शिवानीला पुण्यात हजर व्हायचं होतं. नर्सनी स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपणं करायची, त्यासाठीचा अठरा महिन्यांचा सरकारी कोर्स. जिल्ह्यातून थोड्यांची निवड झाली, त्यांत ती होती. आता ती जाते की राहते, हे आज ठरणार होतं.

क्रांती बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. ती कोल्हापुरात शाळेत शिकवते, नवरा बँकेत, घरात सासू गुडघ्यांनी जागेवर. वडिलांसाठी आपण काही करत नाही हे तिला रोज सकाळी गाडीवर बसताना आठवायचं आणि शाळा येईपर्यंत पुरायचं. कोर्सचं पत्र आलं तेव्हा सगळ्यात आधी तिनंच फोन केला होता, वहिनी, जायचंच, मी आहे. 'मी आहे' म्हणजे काय, हे तिनं तेव्हा बघितलं नव्हतं. आता बघत होती. दर रविवारी येणं तिला जमलं असतं. इन्सुलिन काही फक्त रविवारी लागत नाही.

तिनं आधी पगारी नर्स ठेवायचं काढलं. कोल्हापुरात आता एजन्स्या झाल्या आहेत, बारा तासांना बाई पाठवतात, ॲप्रन घालून येते. आक्काताई दारातून ओले हात पुसत आत येत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की ती बाई कुठं शिकलेली असते. क्रांतीला सांगता येईना. बहुतेक तीन महिन्यांचं काहीतरी असतं, ती म्हणाली. आक्काताई चटईच्या टोकाला बसल्या, आणि पगारी नर्सचा विषय तिथंच संपला.

मग आकारामकाकांनी गळा साफ केला. काका हळू बोलू शकत नाहीत. वैरणीच्या भावाबद्दल बोलले तरी शेजारचे डोकावतात. त्यांनी आधी शिवानीचं कौतुक केलं, पाटी, खुर्ची, टॅब सगळं मोजलं, तेव्हाच क्रांतीला कळलं की आता पुढं काय येणार.

"सूनबाई शिकल्याली हाय, समदं खरं," काका म्हणाले. "पर घरातल्या माणसाला सुई नीट बसंना, आन अठरा म्हैनं लोकांच्या पोरींची बाळंतपणं शिकाय जायाचं, हे काय मला पटंना. आदी आपल्या घरात पाळणा हलू दे की."

पाळण्याचं कुणी काढायला नको होतं. क्रांतीनं काकांकडे डोळे वटारले, पण सुईच्या वाक्यावर तिनं त्यांना टोकलं नाही. कारण ते वाक्य तिलाही खरं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटत होती. गुरुवारी अतिदक्षता विभागाच्या काचेतून तिनं आप्पांचे बांधलेले हात बघितले होते. ती शिवानीला समजुतीच्या सुरात म्हणाली की तुला कुणी दोष देत नाही, चूक माणसाच्याच हातून होते. शाळेत ती रडणाऱ्या मुलांशी याच सुरात बोलते.

शिवानी मान खाली घालून ओढणीच्या टोकाला पीळ देत होती.

बुद्धभूषण उठून परसात गेला आणि थोड्या वेळानं त्यानं शिवानीला हाक मारली. तो शिरोलीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. चार दिवसांत त्याची झोप मिळून दहा-बारा तास झाली असेल. नळाशी उभं राहून तो तिला म्हणाला, कोर्स पुढच्या वर्षीही असतोय की.

शिवानीनं सांगितलं की पुढच्या वर्षी निवड पुन्हा पहिल्यापासून होते.

मग होईल की पुन्हा, तो म्हणाला, आणि बोलताना त्याला स्वतःच्या आवाजातला सुटकेचा सूर ऐकू आला. निवड झाली त्या दिवशी यानंच पेढे आणले होते. कारखान्यात सांगत फिरला होता, आमची मिसेस आता डॉक्टरच्या बरोबरीनं. पण त्यानंतर रोज संध्याकाळी घरी येताना तो मनात मोजायचा: अठरा महिने, आजारी बाप, थकलेली आई आणि मी. गुरुवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाप आत असताना, त्याच्या मनात येऊन गेलं होतं की आता ही जाणार नाही. इतकं हलकट काही आपल्या मनात येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नव्हता.

"तू एकदा 'चुकलं माझं' म्हणून टाक ना," तो म्हणाला. "म्हंजे विषय मिटंल. कुणी फाशी देनार न्हाई."

शिवानीनं त्याच्याकडे बघितलं. मग न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या फिनेलच्या रिकाम्या कॅनकडे. झाकणाला भोक पाडून घरातल्या वापरलेल्या सुया त्यात टाकायची पद्धत तिनंच सुरू केली होती.

गेल्या बुधवारी रात्री तिनं तो कॅन रिकामा करून सुया उपकेंद्रावर न्यायच्या पिशवीत बांधल्या होत्या. गुरुवारी सकाळी सात पस्तीसला एक सुई देऊन त्यात टाकली. लसीकरणाचा दिवस होता, गाडी दारात हॉर्न देत होती. ग्रुपवर लिहिलं. पेन्सिल कॉटखाली पडलेली दिसली. वाकून घ्यायची, ठिपका द्यायचा, पाच सेकंदांचं काम. पण तिला त्या क्षणी मनापासून कंटाळा आला. एकच गोष्ट सगळीकडे दोनदा लिहायची, टॅबवाल्यांसाठी एकदा आणि रजिस्टरवाल्यांसाठी एकदा, ग्रुपसाठी एकदा आणि सासूबाईंसाठी एकदा. ती पेन्सिल तशीच ठेवून निघून गेली. संध्याकाळी दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आली, तेव्हा सवयीनं कॅन हलवून बघितला. आत दोन सुया होत्या.

तिला लगेच कळलं. सासूबाई त्या सकाळी खालच्या गल्लीत कुणाच्या तरी बाळाची बेंबी बघायला गेल्या होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोक त्यांनाच बोलावतात. परत आल्या, कॅलेंडर बघितलं, ठिपका नाही. म्हणजे सुई नाही.

हे चार दिवसांत शंभर वेळा तिच्या ओठांवर आलं होतं. पण काय म्हणायचं? तुमच्या आईनं दिली म्हणायचं? छत्तीस वर्षांत एक चूक नाही, असं प्रशस्तिपत्र बाहेरच्या भिंतीवर लावलंय, त्याच्याखाली उभं राहून? शिवाय ठिपका आपण दिला नाही, हेही खरंच होतं. आणि त्याहून एक होतं. आईंना ठाऊक आहे, हे तिला ठाऊक होतं. त्या स्वतः बोलतील म्हणून ती थांबली होती. गुरुवारी थांबली, शुक्रवारी थांबली. आता ती थकली होती.

"बघू," एवढं नवऱ्याला म्हणून ती आत गेली.

आक्काताई चटईच्या टोकाला बसल्या होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. काका आता नात्यातल्या कुठल्या कुठल्या सुनांची उदाहरणं देत होते. क्रांती हो-ला हो करत होती. मधेच ती म्हणाली, आईनं एकटीनं किती करायचं? आणि सगळ्यांनी वळून आक्काताईंकडे दयेनं बघितलं. त्या नजरेनं त्यांना चटका बसला.

दवाखान्यात बुद्धभूषणनं डॉक्टरांपुढे मोबाईल धरला तेव्हा त्या मागेच उभ्या होत्या. सात पस्तीस. त्यांचा ठिपका सव्वाआठचा. त्याच क्षणी त्यांना उभ्या जागी कळलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. निदान डॉक्टरांना तरी. पण डॉक्टर घाईत होते, आणि कुणी त्यांना विचारलंच नाही. चार दिवस त्या स्वतःला हेच सांगत होत्या, मला कुणी विचारलंच नाही. पेशंटच्या बाबतीत हे वाक्य दुसऱ्या कुठल्या नर्सनं म्हटलं असतं, तर त्यांनी तिला उभी चिरली असती.

त्यांना नोकरी जाण्याची भीती नव्हती, ती केव्हाच सन्मानानं संपली होती. त्यांना भीती होती आत्तींच्या जागी बसण्याची.

आत्ती म्हणजे बनाबाई, त्यांची सासू, आकारामची आणि आप्पांची आई. गावची सुईण. वरच्या गल्लीत बनाबाईंना उंबऱ्याच्या आत पाणी मिळायचं नाही, पण पोरं मात्र त्यांच्याच हातात यायची. आक्काताई एएनएम होऊन आल्या तेव्हा सरकारचं म्हणणं होतं, आता सुईणी बंद, शिकलेल्या नर्सच्या हातून बाळंतपण. आत्तींची नजर तोवर अधू झाली होती, एकोणनव्वद साली एका पोरीची नाळ कापताना त्यांचा हात चुकता चुकता राहिला. आक्काताईंनी त्याच आठवड्यात विहारासमोर सगळ्या बायकांच्या देखत सांगून टाकलं, इथून पुढं आत्तींना बोलवायचं नाही, मला बोलवायचं. त्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. म्हणणं चूक नव्हतं. घरात बसून, हळू सांगता आलं असतं.

आत्ती त्यावर काही बोलल्या नाहीत. पुढं अकरा वर्षं जगल्या. फक्त गल्लीत कुणाला कळा लागल्याचं कानावर आलं की त्या उठून कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि ओले हात मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहायच्या. बाळ रडल्याचं कळलं की उठायच्या.

मग आक्काताईंच्या हातातूनही बाळंतपणं गेली. दवाखान्यातच व्हायला हवं, असं ठरलं, गाड्या आल्या, उपकेंद्रातल्या टेबलावर कागदांची खोकी चढली. आणि आता सरकारला पुन्हा सुईण आठवली होती. नर्सना पाठवून बाळंतपण शिकवा म्हणे. शिवानीला तो कोर्स का हवा होता, तेही आक्काताईंना ठाऊक होतं. मार्चमध्ये धनगरवाड्यावरची एक पोर शिवानीच्या उपकेंद्रापासून दहा मिनिटांवर जीपमध्ये बाळंत झाली. शिवानी टॅब घेऊन तिथं पोचली, बाळ वाचलं. पण त्या संध्याकाळी शिवानी घरी येऊन म्हणाली होती, आई, माझे हात थरथरत होते, टॅबवरचा डॉक्टर सांगत होता आणि मला हात कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं. त्या रात्री आक्काताईंनी तिला उशीवर हात ठेवून दाखवलं होतं. आत्तींनी त्यांना दाखवलं होतं तसंच.

बुद्धभूषण परसातून आला आणि म्हणाला, ठरलं समजा, शिवानी नाही जाणार. तिचं तिलाच पटलंय. शिवानी त्याच्या मागं उभी होती. ती नाही म्हणाली नाही. तिनं फक्त सासूकडे बघितलं, रागानंही नाही, नुसतं बघितलं. ड्युटी बदलताना जाणारी नर्स येणारीकडे बघते तसं.

"थांब," आक्काताई म्हणाल्या. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "गुरवारची दुसरी सुई मी दिली."

काका म्हणाले, कसली दुसरी?

"तिनं साडेसातला दिल्ती, बरोबर दिल्ती. मी सव्वाआठला परत दिली. ठिपका न्हवता म्हणून. तिला फोन करून इचारायला पायजे हुतं, न्हाई इचारलं. माझ्या हातानं झालंय ते. तिचा काय संबंध न्हाई."

बुद्धभूषण भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे बघत राहिला, जणू ते कुणीतरी आत्ताच तिथं लावलं होतं. आकारामकाका, ज्यांना हळू बोलता येत नाही, ते हळूच म्हणाले की वहिनी, वय झालं, व्हायचंच. आणि आक्काताईंना जे ऐकायची चार दिवस धास्ती होती, ते नेमकं हेच होतं.

शिवानी खाली बसली. ठिपका मी दिला नव्हता आई, ती म्हणाली. पेन्सिल दिसत होती, तरी दिला नाही. ते माझं आहे.

आक्काताईंनी विचारलं, तुला कधी कळलं?

"त्याच दिवशी. कॅनमध्ये दोन सुया होत्या."

"मग बोलली का न्हाईस? चार दिस ही सगळी तुला बोलाय लागल्यात."

"तुम्ही बोलाल म्हणून," शिवानी म्हणाली.

आक्काताईंना रडू आलं. त्या लोकांसमोर रडत नाहीत. चंदगडला पुरात अडकल्या तेव्हा नाही, आत्ती गेल्या तेव्हाही नाही. आता रडल्या आणि पदर डोळ्यांना लावून बराच वेळ तशाच बसल्या. क्रांती सरकून आईजवळ गेली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं शिवानीचाही हात धरला आणि म्हणाली, मघाशी मी चुकीचं बोलले. शिवानीनं हात सोडवला नाही, पण उलटून धरलाही नाही. इतक्या लवकर सगळं धुऊन जात नाही आणि जाऊही नये.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आप्पांनी खाकरून आपण जागे असल्याचं कळवलं. सगळे दारात गोळा झाले. त्यांनी उशीला टेकून बसायचा प्रयत्न चालवला होता.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "दोनदा टोचल्यालं मला कळणार न्हाई व्हय?"

मग बोलायचं नाही का, असं तिघांनी एकदम विचारलं. आप्पा थोडे ओशाळले. त्यांनी हळूहळू, दम घेत जे सांगितलं ते असं की घरी आल्यापासून ते दोघींचं बघत होते. एक टोचते, दुसरी लांबून बघते, दोघींनाही द्यायचं असतं. गुरुवारी सिस्टर, म्हणजे आक्काताई, सुई भरून आल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी बायकोला ते सिस्टरच म्हणतात. शिवानीनं दिलंय असं सांगावं, तर सिस्टरचं तोंड उतरलं असतं. म्हटलं, दुसरं कसलं तरी औषध असेल. दोघीही नर्स, आपण कोण विचारणारे.

"आन एक सांगतो," आप्पा म्हणाले. "वर्कशॉपमधी एका बोल्टाला दोन मेकॅनिक लावत न्हाईत. मला शिकवा. माजी सुई मी घेतो."

आधी कुणाला ते खरं वाटेना. मग शिवानीला आठवलं की उपकेंद्रावर ती रोज हेच करते. शेतमजूर बायकांना, म्हाताऱ्यांना, लिहिता न येणाऱ्यांनाही ती स्वतःची सुई स्वतः घ्यायला शिकवते, आता कामच ते झालंय, करून द्यायचं कमी आणि शिकवायचं जास्त. घरी मात्र तिला सुचलं नव्हतं. आक्काताईंना तर पेशंटच्या हातात सुई द्यायची कल्पनाच कधी मानवली नसती. दोन नर्सांच्या घरात पेशंटला कुणी काही शिकवलंच नव्हतं.

दुपार उतरली. काका मटणाचा रिकामा डबा घेऊन गेले. जाताना चपला शोधत ते शिवानीला म्हणाले, पुण्यात माझा एक मित्र हाय, काय लागलं तर सांग. माफी मागायची त्यांची पद्धत ही अशी आहे. क्रांती राहिली. दर शनिवारी दुपारी यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत जायचं, असं तिनं नवऱ्याला फोनवर सांगूनही टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. ड्रेसिंग बुद्धभूषणनं शिकायचं ठरलं. तो लगेच हो म्हणाला, जरा जास्तच लगेच, आणि शिवानीकडे बघायचं त्यानं टाळलं.

साडेसहा वाजले. आक्काताई उठल्या, परसातल्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि आत आल्या. तोवर आप्पा कॉटच्या कडेला पाय सोडून बसले होते. शिवानी समोर स्टुलावर होती, हात मांडीवर ठेवून. तिनं बाटली आणि सुई त्यांच्या हातात दिली होती आणि ती फक्त तोंडानं सांगत होती, बाटली उलटी धरा, बुडबुडा दिसतो का बघा, बारावर आणा. आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. कार्बोरेटरमध्ये बघताना ते जसे एक डोळा बारीक करायचे, तसा केला. त्यांचा हात मुळीच हलत नव्हता. एवढा स्थिर हात आपल्या घरात होता, हे आक्काताईंनी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं.

त्या शिवानीच्या शेजारी बसल्या. हात पुसायचं राहून गेलं होतं. मांडीवर ते ओले हात बघून त्यांना आत्ती दिसल्या, उंबऱ्यात बसलेल्या. मी तुम्हाला घरात, हळू सांगायला पाहिजे होतं, असं त्या मनात म्हणाल्या. आत्ती जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण म्हणाल्या.

आप्पांनी पोटाची घडी धरली आणि सुई घेतली. झालं व्हय, म्हणाले, एवढंच? शिवानीनं मोबाईल त्यांच्यापुढं केला, त्यांनी तो बाजूला सारला आणि लाल पेन्सिल मागितली. रविवारच्या चौकटीत खाली त्यांनी मोठा, जरा वेडावाकडा ठिपका दिला.

आक्काताईंनी त्यांच्या हातून पेन्सिल घेतली. गुरुवारच्या चौकटीत त्यांचा एकच ठिपका होता. त्याला चिकटून त्यांनी दुसरा दिला, शिवानीचा, सात पस्तीसचा. मग पेन्सिल सुतळीनं कॅलेंडरच्या खिळ्याला बांधली, म्हणजे पुन्हा कधी कॉटखाली जायला नको.

गाठ मारता मारता, पाठ न वळवता त्यांनी विचारलं, "बुधवारची गाडी किती वाजताची?"

"सकाळी सहाची," शिवानी म्हणाली.

"मग मंगळवारी जरा लवकर ये घरला. उशी काढून ठेवतो. तिकडं शिकवायच्या आदी आत्तींचं समदं एकदा हाताखालनं घालून घे."